गुरुजींचा हेल आणि विद्यार्थ्याचे कान

निवासी विद्यालयात शिकवणारा शिक्षक बहुधा परगावचा असतो. कोकणातील शाळांत तर घाटावरून, मराठवाड्यातून, खानदेशातून आणि विदर्भातून आलेल्या शिक्षकांची संख्या मोठी आहे. शिक्षक येताना पदविका आणतो, अनुभव आणतो आणि न सांगता आपल्या गावचा हेलही आणतो. मी स्वतः वऱ्हाडातला. मांडव्याच्या या किनाऱ्यावर गणित शिकवण्यासाठी आलो, तेव्हा आपल्या बोलण्यात वेगळे काही आहे, याची मला जाणीवही नव्हती. ती जाणीव मला सातवीतील एका विद्यार्थ्याने करून दिली. स्मरणिकेच्या निमित्ताने त्या अनुभवाच्या आधारे एका दुर्लक्षित प्रश्नाची मांडणी करावी, असे वाटते. शिक्षकांची उच्चारधाटणी अनोळखी असल्यामुळे ज्या विद्यार्थ्यास वर्गात काय चालले आहे हे उमगत नाही, त्यास साह्य कसे करावे, हा तो प्रश्न होय.

हा विद्यार्थी रेवसच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातला होता. त्याचे वडील लाँचवर कामाला होते. वेग, वेळ आणि अंतर यांवरील तोंडी उदाहरणांत तो सतत चुकत असे. ‘बोटीचा वेग ताशी २४ किलोमीटर, अंतर १८ किलोमीटर, वेळ काढा’ असे उदाहरण मी सांगितले, तर त्याच्या वहीत उत्तर असे, ‘२४’. दिलेलीच संख्या तो पुन्हा उत्तर म्हणून लिहून देई. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘एकाग्रता कमी’ असा शेरा लिहिला. पुढच्या वर्षी त्यास वरच्या तुकडीत घेऊ नये, अशीही शिफारस करण्याच्या बेतात मी होतो.

एका रविवारी काही मुलांना घेऊन मी जेट्टीवर गेलो असता हाच मुलगा मित्रांना सांगत होता, की गेटवेहून निघालेली लाँच तासाभरात येते, पण समोरून वारा असला तर उशीर होतो. आणि किती उशीर, तेही त्याने मिनिटांत सांगितले. ज्याला वेग आणि वेळ यांचा संबंध इतका नेमका कळतो, तो वर्गात का चुकतो? दुसऱ्या दिवशी मी तीच पाच उदाहरणे कागदावर लिहून दिली. पाचही बरोबर आली. मग मी त्यास श्रुतलेखन घातले. जेथे जेथे मी ‘वेळ’ असे म्हणत होतो, तेथे तेथे त्याने ‘वेग’ असे लिहिले होते. वऱ्हाडातील अनेक गावांत ‘ळ’चा उच्चार ‘य’कडे झुकतो. घाईने बोलताना मी ‘वेळ’ न म्हणता ‘वेय’ म्हणत होतो, आणि त्या मुलाच्या कानाला त्यास जवळचा असा एकच ओळखीचा शब्द सापडत होता, तो म्हणजे ‘वेग’. प्रश्न ‘वेग काढा’ असाच ऐकू आला असेल, तर २४ हे उत्तर बरोबरच होते.

एक अक्षर, अनेक उच्चार

मराठी भाषा एक असली, तरी तिचे उच्चार एक नाहीत. ‘डोळा’ हा शब्द पुस्तकात एकाच रीतीने छापलेला असतो. वऱ्हाडात तो अनेकांच्या तोंडी ‘डोया’ होतो, तर आगरी-कोळी बोलींत ‘डोला’ होतो. या किनाऱ्यावरील मुलाच्या घरी ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून पाणी हे ‘पानी’ असते. ‘गाडी’ची ‘गारी’ होते आणि ‘घोडा’ हा ‘घोरा’ होतो. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, आगरी आणि कातकरी यांसारख्या बोलींची नोंद आहे. शतकाहून अधिक काळ लोटला, तरी या बोली घराघरांत नांदत आहेत.

भेद केवळ अक्षरांच्या उच्चारांत नसतो. नागपूरकडचा शिक्षक ‘तो लिहून राहिला’ म्हणतो, तेव्हा तो या क्षणी लिहीत आहे, असा अर्थ असतो. किनाऱ्यावरील मुलास मात्र लिहिणे संपले आणि तो तेथेच थांबला, असे वाटू शकते. मराठवाड्यातील शिक्षक ‘मी सांगायलो’ म्हणतात, त्यातील काळ कोणता, हे नव्याने ऐकणाऱ्यास चटकन कळत नाही. शब्दांवरील आघात, वाक्याच्या शेवटी चढणारा किंवा उतरणारा स्वर आणि बोलण्याची गती या गोष्टीही प्रदेशागणिक पालटतात. आपली लिपीसुद्धा सारे भेद दाखवीत नाही. ‘जरा थांब’ यातील ‘जरा’ आणि वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकू येणाऱ्या ‘जरा-मरण’ या शब्दांतील ‘जरा’ यांचे लेखन सारखे आहे, पण पहिल्यातील ‘ज’ दंततालव्य आणि दुसऱ्यातील तालव्य आहे. हा भेद कानानेच शिकावा लागतो.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे तत्त्व आहे. शाळेच्या दप्तरात ‘मातृभाषा : मराठी’ अशी नोंद झाली, की ते तत्त्व पाळले गेले, असे आपण मानतो. कातकरी वाडीवरून आलेल्या मुलीच्या बाबतीत ही नोंद वस्तुस्थितीपासून दूर असते. तिच्या घरची बोली, पुस्तकातील प्रमाणभाषा आणि शिक्षकाचा प्रादेशिक हेल अशा तीन पायऱ्या तिला एकाच तासात चढाव्या लागतात. नंतर इंग्रजी आणि हिंदी आल्या, की पायऱ्या आणखी वाढतात.

कान कसे सरावतात?

ऐकणे म्हणजे ध्वनी जसाच्या तसा टिपणे नव्हे. ऐकणारा मनात अपेक्षा बाळगून ऐकतो आणि अर्धवट ऐकू आलेला शब्द त्या अपेक्षेच्या आधारे पुरा करतो. विषय परिचित असेल, तर अपेक्षा अचूक असते व हेल आड येत नाही. विषयही नवा आणि हेलही नवा असेल, तर आधारच उरत नाही. म्हणून जी मुलगी त्याच शिक्षकांशी भोजनगृहात सहज गप्पा मारते, तीच विज्ञानाच्या तासाला गोंधळून जाते. यात नवल काहीच नाही.

समाधानाची गोष्ट अशी, की कान शिकतात. कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट या संशोधकांनी २००४ साली दाखवून दिले, की परक्या धाटणीचे बोलणे समजून घेण्यात प्रौढ श्रोत्यांना सुरुवातीस जो विलंब लागतो, तो मोजक्या वाक्यांनंतरच कमी होऊ लागतो. ॲन ब्रॅडलो व टेसा बेंट यांच्या २००८ च्या अभ्यासात आणखी एक बाब दिसली. एका विशिष्ट धाटणीने बोलणाऱ्या अनेक व्यक्तींना ज्यांनी ऐकले होते, त्यांना त्याच धाटणीचा नवा वक्ता अधिक चांगला समजला. एकाच व्यक्तीला ऐकून हा लाभ तितकासा होत नाही. मुलांना प्रौढांपेक्षा अधिक अवधी लागतो आणि गोंगाटात तर फारच अडते. परंतु दिशा हीच आहे.

मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातील अभ्यासकांनी १९९५ साली एक उपयुक्त भेद मांडला. बोलण्याची धाटणी किती ठळक आहे, ते ऐकताना किती श्रम पडतात आणि अखेर ते किती समजते, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. धाटणी ठळक असूनही बोलणे पूर्णपणे समजू शकते. यावरून शिक्षकाने आपला हेल पुसून टाकावा, असे निष्पन्न होत नाही. ऐकणाऱ्याचे श्रम कमी करावेत, एवढेच त्याचे कर्तव्य ठरते.

ऐकणाऱ्याच्या पूर्वग्रहाचाही विचार केला पाहिजे. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचे डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली एकाच वक्त्याचे ध्वनिमुद्रित व्याख्यान विद्यार्थ्यांच्या दोन गटांना ऐकवले. एका गटासमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र होते, दुसऱ्यासमोर आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही दुसऱ्या गटाला परका हेल ऐकू आला आणि व्याख्यानही कमी समजले. ‘घाटावरचे सर, त्यांचे काही कळत नाही’ असे वसतिगृहात मोठ्या मुलांनी लहानांना सांगितले, की लहान मुलांचे कान तास सुरू होण्याआधीच मिटतात.

बुद्धवचनातील दृष्टांत

हा प्रश्न आजचा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले व मधुर वाणीचे दोन भिक्खू भगवंतांकडे आले. नाना गोत्रांचे, नाना जातींचे आणि नाना कुळांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवितात, अशी त्यांची तक्रार होती. ते छंदस् भाषेत बांधावे, अशी त्यांनी अनुज्ञा मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’ म्हणजे स्वतःच्या बोलीत बुद्धवचन शिकण्यास अनुमती दिली. ही ‘स्वतःची’ बोली म्हणजे मागधी, असा अर्थ आचार्य बुद्धघोषांनी लावला. अनेक आधुनिक अभ्यासक ती शिकणाऱ्याची बोली मानतात. अर्थ कोणताही घेतला, तरी मूठभरांच्या शुद्ध उच्चारांसाठी बहुजनांना ज्ञानापासून दूर ठेवण्यास नकार दिला गेला, हे स्पष्ट आहे.

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्त याहून नेमके मार्गदर्शन करते. एकाच भांड्याला वेगवेगळ्या जनपदांत वेगवेगळी नावे आहेत; कोठे ‘पाति’, कोठे ‘पत्त’, तर कोठे ‘सराव’. आपल्याच जनपदाचा शब्द तेवढा खरा, असा हट्ट धरला, की कलह उपजतो. ज्या जनपदात जे नाव चालते ते ओळखून बोलावे. त्याबरोबरच सर्वमान्य व्यवहाराची मर्यादाही ओलांडू नये, असे दोन्ही बाजूंचे भान या सुत्तात आहे. शाळेला हेच सूत्र लागू पडते. शिक्षकाने आपल्या हेलाचा हट्ट धरू नये आणि विद्यार्थ्याच्या बोलीस हीन लेखू नये. विद्यार्थ्यानेही प्रमाणभाषा शिकण्याचे टाळू नये, कारण पुस्तक, परीक्षा आणि पुढील जग यांचा व्यवहार तिच्यातून चालतो.

आधी निदान, मग उपाय

विद्यार्थी गप्प बसतो, याची कारणे अनेक असू शकतात. म्हणून पहिली पायरी तपासणीची. एकच उतारा त्यास वाचावयास द्यावा आणि त्यावर प्रश्न विचारावेत. वाचून समजत असेल, तर विषयाची समज शाबूत आहे. मग दुसरा उतारा त्याच्या ओळखीच्या हेलातील व्यक्तीकडून आणि तसाच तिसरा संबंधित शिक्षकांकडून वाचून घ्यावा. पहिल्या व्यक्तीचे समजले आणि शिक्षकांचे समजले नाही, तर अडचण हेलाची आहे. कोणाचेच नीट ऐकू आले नाही, तर कान तपासावेत. कान वाहणे, मळ साचणे, सर्दीने कान बंद होणे यांमुळे कमी ऐकू येणारी मुले ‘दुर्लक्ष करतात’ म्हणून बोलणी खातात. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत श्रवणदोषाचा समावेश आहे. त्या पथकाकडे अशा मुलाचे नाव आवर्जून द्यावे. वाचूनही समजत नसेल, तर प्रश्न हेलाचा नसून पूर्वज्ञानाचा किंवा वाचनाचा आहे आणि त्याचा उपाय वेगळा आहे.

श्रुतलेखन हे निदानाचे उत्तम साधन आहे. येथे ते गुण देण्यासाठी घालू नये. कोणता ध्वनी विद्यार्थ्यास कोणता ऐकू येतो, याची यादी करावी. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत सगळा गोंधळ प्रामुख्याने एका ‘ळ’भोवती होता. यादी हाती आली, की डोंगराएवढा वाटणारा प्रश्न पाच-सात शब्दांवर येतो.

शिक्षकाने काय करावे?

पाठातील कळीचे शब्द तासाच्या आरंभी फळ्यावर लिहावेत आणि बोलताना त्यांकडे बोट दाखवावे. कान चुकला, तरी डोळा सावरून घेतो. बोलणे संथ करावे. पण शब्द तोडून नव्हे, तर वाक्याच्या शेवटी थांबून. आवाज चढवू नये. ओरडल्याने उच्चार स्पष्ट होत नाही, मूल मात्र भेदरते. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण ओठांची हालचाल पाहूनही मुले बरेच काही समजून घेतात. न समजलेले वाक्य त्याच शब्दांत तीनदा सांगण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत एकदा सांगावे. ‘समजले का?’ या प्रश्नास सारा वर्ग ‘हो’ म्हणतो. ‘काय काढायचे आहे, ते तुझ्या शब्दांत सांग’ असे विचारले, तरच खरे कळते.

कोकणातील पावसाळा येथे विसरून चालणार नाही. पत्र्याच्या छपरावर सरी कोसळू लागल्या, की मातृबोलीतील बोलणेही ऐकू येत नाही. अशा वेळी नवा भाग तोंडी शिकवू नये. लेखन व वाचन घ्यावे. अडचण असलेल्या विद्यार्थ्यास पुढच्या बाकावर, पंख्याच्या घरघरीपासून आणि रस्त्याकडील खिडकीपासून दूर बसवावे. हे शिक्षा म्हणून केलेले नाही, हेही त्यास सांगावे.

तोंडी परीक्षेत ‘पानी’ म्हटल्याबद्दल विज्ञानाचे गुण कापू नयेत. आशय बरोबर असेल, तर गुण पूर्ण द्यावेत; प्रमाण रूप मागाहून शांतपणे सांगावे. ज्याची बोली वर्गात हशाचा विषय होते, तो विद्यार्थी पुन्हा तोंड उघडत नाही, आणि जो विचारत नाही, त्याची अडचण कोणालाच कळत नाही.

विद्यार्थ्याने आणि वसतिगृहाने काय करावे?

विद्यार्थ्यास विचारण्याची रीत शिकवावी लागते. ‘सर, समजले नाही’ एवढ्यावरून शिक्षकास काहीच उमगत नाही व तो सारा भाग पुन्हा त्याच गतीने सांगतो. ‘सर, आपण वेग म्हणालात की वेळ?’ हा प्रश्न नेमका आहे, आदरयुक्त आहे आणि एका शब्दात उत्तर देता येण्याजोगा आहे. असे प्रश्न विचारण्याचा सराव अभ्यासिकेत करून घ्यावा.

उद्याचा पाठ आदल्या रात्री एकदा वाचून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. शब्द आधी डोळ्यांखालून गेले असतील, तर कान त्यांची वाट पाहत असतात. निवासी विद्यालयात सायंकाळची अभ्यासिका नियमाने होते. तिची पहिली पंधरा मिनिटे यासाठी राखून ठेवता येतात. प्रत्येक विद्यार्थ्याने तीन रकान्यांची एक वही करावी. पहिल्यात घरचा शब्द, दुसऱ्यात गुरुजींचा आणि तिसऱ्यात पुस्तकातला. ‘डोला, डोया, डोळा’ अशी एक ओळ लिहिली, की तिन्ही रूपांची ओळख एकदम होते आणि कोणतेही एक रूप गावंढळ ठरत नाही.

ज्यास शिक्षकांचे बोलणे चांगले समजते, असा जोडीदार द्यावा; मात्र त्याने उत्तर सांगू नये, ऐकलेले वाक्य तेवढे पुन्हा सांगावे. शिक्षकांच्या अनुमतीने पाठाचे ध्वनिमुद्रण करून अभ्यासिकेत ते थांबवत थांबवत ऐकावे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून निरनिराळ्या जिल्ह्यांतील बोलण्याचे ध्वनिमुद्रित नमुने संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले केले आहेत. आपल्या शिक्षकांच्या जिल्ह्यातील चार-पाच माणसांचे बोलणे मुलांना ऐकवले, तर अनेक वक्ते ऐकण्याचा जो लाभ वर सांगितला, तो सहज साधेल. मुलांना हा तास आवडतो, असा माझा अनुभव आहे.

वसतिगृहात शिक्षकांच्या बोलण्याची नक्कल होते, हे उघड गुपित आहे. तिला थोपवावे, पण धाकाने नव्हे. गुरुजींनी आपल्या गावाविषयी, तेथील शब्दांविषयी आणि म्हणींविषयी मुलांशी मोकळेपणाने बोलावे आणि मुलांकडून त्यांचे शब्द शिकावेत. मी त्या मुलाकडून भरती-ओहोटीचे, माशांचे आणि वाऱ्यांचे कितीतरी शब्द शिकलो. माझे उच्चार ऐकून तो पोट धरून हसे. त्यानंतर माझ्या ‘वेय’वर हसण्याची त्यास गरज उरली नाही, तो केवळ हात वर करून ‘सर, ळ?’ असे विचारी आणि मी तो शब्द फळ्यावर लिहीत असे.

ही तयारी केवळ शाळेपुरती नाही. दहावीनंतर आपली मुले पनवेलला, मुंबईला, पुण्याला जातील. तेथे केरळचे, बंगालचे, उत्तर प्रदेशचे अध्यापक आपापल्या हेलात इंग्रजीतून शिकवतील. ज्या विद्यार्थ्याने सातवीत वऱ्हाडी आणि मराठवाडी धाटणीशी मैत्री केली आहे, त्यास अनोळखी बोलणे ऐकताना काय करावयाचे, हे ठाऊक असते. पाठ आधी वाचावा, नेमका प्रश्न विचारावा, काही दिवस धीर धरावा आणि आपण मंद आहोत, असे मनात आणू नये.

त्या वर्षाच्या अखेरीस मी प्रगतिपुस्तकातील तो शेरा खोडला आणि खाली माझी स्वाक्षरी केली. तो विद्यार्थी वरच्या तुकडीत गेला. त्या खोडलेल्या ओळीकडे पाहून त्याच्या वडिलांनी मला विचारले, “गुरुजी, चूक कोनाची होती?” मी त्यांना खरे ते सांगितले. नवीन शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे, की एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘लक्ष देत नाही’ असे लिहिण्यापूर्वी तेच उदाहरण त्यास एकदा कागदावर लिहून द्यावे.